पोथी बी बंद हाय का?

श्रावण लागला की आमच्या इंदापूर-बारामतीच्या भागात घरोघरी शिवलीलामृताची पोथी निघते. रुमाल झटकायचा, पाटावर पोथी ठेवायची, समई लावायची आणि कुणीतरी वाचायला बसायचं. ज्याला सगळी पोथी जमत नाही तो निदान अकरावा अध्याय तरी वाचतोच. पण ही पोथी लिहिली कुठं, हे वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मलाही चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ती आमच्या शेजारी, बारामतीतच लिहिली गेली.

पोथी लिहिणारे श्रीधरस्वामी मूळचे पंढरपूरकडच्या नाझऱ्याचे. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथही त्यांचेच. शिवलीलामृत त्यांनी कऱ्हेच्या काठी शके १६४० मध्ये पूर्ण केलं, म्हणजे इंग्रजी १७१८-१९ साली. काशीविश्वेश्वराच्या देवळात बसून त्यांनी ते लिहिलं, असं बारामतीकर सांगतात. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी श्रीधरांनी साल आणि गाव दोन्ही नोंदवून ठेवलंय. पण शेवटाला आलेला वाचणारा घाईत असतो. प्रसाद वाटायचा असतो, गुरं सोडायची असतात. त्यामुळं ती ओळ कानावरून तशीच जाते.

मी कळसचा. शिक्षण दहावी, धंदा शेती. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. पण मधली दहा-अकरा वर्षं माझी वाचायची इच्छाच मेली होती आणि ती परत आली ती ह्या पोथीमुळं. तेव्हापासून आपल्या भागात लोक वाचत कसे होते, हे मी जमेल तसं शोधत आलोय.

श्रीधरांच्या नंतर बारामतीला मोरोपंत आले. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. बारामतीत बाबूजी नाइकांच्या पदरी ते पुराणिक होते. आज आपण त्यांना आर्याभारताचे, केकावलीचे मोठे कवी म्हणून ओळखतो. पण पुराणिक म्हणजे काय, तर लोकांपुढं बसून पुराण वाचायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी वाचणं हेच त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं. १७९४ ला ते बारामतीतच गेले. त्या काळात हाती लिहिलेली पोथी एखाद्याच वाड्यात असायची. एक जण वाचणार आणि पन्नास जण ऐकणार, ह्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

पुढं छापखाने आले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापलेली पोथी हातात धरत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातलं, अशी गोष्ट छपाईच्या इतिहासात सांगतात. हळूहळू पोथी स्वस्त झाली, बाजारात मिळायला लागली. पण पोथी घरात आली तरी आमच्याकडं कुणी ती एकट्यानं, मनातल्या मनात वाचायला लागलं नाही. वाचायचं ते मोठ्यानंच, चार माणसं बसवून.

माझ्या लहानपणी देवळात पोथी लागायची, ती मला अजून दिसते. रात्रीची जेवणं उरकली की माणसं जमायची. एक म्हातारे बुवा ओवी वाचायचे. दुसरे एक जण तिचा अर्थ आमच्या बोलीत सांगायचे, त्यांना सूचक म्हणत. सूचकाला अक्षरओळख यथातथाच होती, पण तीस-चाळीस वर्षं ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. अर्थ सांगता सांगता ते आमच्याच गावातल्या भांडणाचा दाखला द्यायचे आणि लोक हसायचे. बाया खांबाच्या मागं बसायच्या. माझी आई तिथंच धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसायची. आणि देवळाच्या बाहेर, लिंबाखाली, अंधारात बसून ऐकणारीही माणसं होती. ती आत का येत नाहीत, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. आता ते आठवतं तेव्हा मान खाली जाते.

बाहेर बसलेल्यांच्या हातात अक्षर यावं म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्याच वाटेनं पुढं मुकुंदराव पाटील गेले. त्यांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यातून, ‘दीनमित्र’ नावाचं साप्ताहिक चालवलं. १९६७ साली ते जाईपर्यंत ते चाललं. पुण्या-मुंबईचा पत्ता नाही, आसपास रेल्वे नाही, आणि वर्गणीदार सगळे कुणबी-माळी. ज्याला वाचता येतं त्यानं वाचायचं आणि न येणाऱ्यांनी भोवती बसून ऐकायचं. देवळातली पोथी आणि चावडीतला पेपर, दोन्हींची रीत एकच होती.

माझ्या आईला अक्षर आलं होतं, आणि ते गेलंही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं सगळ्या राज्यात पसरली. गावातल्या सगळ्या प्रौढांना चार-सहा महिन्यांत लिहा-वाचायला शिकवायचं, अशी ती मोहीम. मी दोन-तीन वर्षांचा असताना आई कंदिलाच्या उजेडात रात्रीच्या वर्गाला जायची. पाटीवर स्वतःचं नाव काढायला शिकली. वर्ग संपल्यावर गुळ-खोबरं वाटलं, म्हणायची. पण वर्ग संपला आणि घरात वाचायला कागद म्हणून नव्हता. शेणघाण, खुरपणी, पाचट, ह्यात दोन-तीन वर्षांत अक्षरं पुसून गेली. पुढं १९८० च्या सुमाराला सोसायटीच्या कर्जाला तिची सही लागली. तिनं पेन धरलं, एक काना काढला आणि थांबली. मग शाईचा डबा पुढं सरकवून म्हणाली, “अंगठाच घ्या.”

आईसारखी कितीतरी माणसं पुन्हा अंगठ्यावर आली. हे होणार, हे फार आधी एका माणसानं ओळखलं होतं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा, बारा वर्षांचा होईतो अक्षर न ओळखणारा, १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण नुसती शाळा काढून थांबले नाहीत. शिकलेलं विसरू नये म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे जाणकार गृहस्थ बोलावले आणि गावोगाव वाचनालयं उघडली. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. एक पेटी वाचून झाली की परत, मग दुसरी. आमच्या आईच्या वर्गाच्या मागून अशी एखादी पेटी आली असती तर, असं मला फार वेळा वाटतं.

माझं वाचन सुरू झालं ते पुडीच्या कागदावर. वाण्याकडून साखर आणली की पुडी सोडायची, साखर डब्यात आणि कागद माझ्याकडं. बातमी अर्धी फाटलेली असायची. उरलेली अर्धी मी मनानं पुरी करायचो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. आई-दादा खडी फोडायला जायचे. घरात मिलोची लाल भाकर, पोरांना सुकडी. सुट्टीच्या दिवशी मीही कामावर जायचो. हजेरी घेणाऱ्या कारकुनाकडं पेपर असायचा. त्याचा वाचून झाला की तो मला द्यायचा. दुपारी भाकरीच्या वेळेला बाभळीखाली मी मोठ्यानं वाचायचो आणि बाया विचारायच्या, “पाऊस कवा हाय, लिवलंय का बघ की रं!” पेपरात निक्सन होता, दिल्ली होती, सिनेमा होता. पाऊस कधी ते कुठंच नव्हतं. तरी त्या रोज विचारायच्या आणि मी रोज शोधायचो.

आमच्या आधी मॅट्रिक अकरावीला असायची. १९७५ पासून दहावीची परीक्षा आली. मी पुढच्याच वर्षी दहावी झालो आणि शाळा तिथंच सुटली. पण वाचन सुटलं नाही. बारामतीला बाजाराला गेलो की येताना जुनी पुस्तकं आणायची. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा किती वाचल्या त्याला गणती नाही. मग माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हातात पडली आणि आपल्यासारख्या माळावरच्या माणसांचंही पुस्तक होतं, हे कळलं. अण्णा भाऊंची ‘फकिरा’ वाचली. आनंद यादवांची ‘झोंबी’ आली ती १९८७ साली. शिकायसाठी बापाशी झगडणारं पोर त्यात आहे. ते वाचताना मी दादांच्या तोंडाकडं बघायचो.

कारण मी वाचायचो ते दादांपुढं. गोठ्यात धार काढून झाली, वैरण टाकली की ते तंबाखू मळत बसायचे आणि मी कंदील जवळ ओढायचो. दादांना अक्षर येत नव्हतं. मी दम घ्यायला थांबलो की म्हणायचे, “मग? फुडं?” एवढंच. कधी चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. २००३ साली दादा गेले. त्यानंतर माझं वाचन कमी झालं, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. शेतीची कामं वाढलीत, डोळ्यांना चष्मा लागलाय, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

मग २००९ साल आलं. मी दीड एकर द्राक्षबाग धरली होती. ऑक्टोबरची छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात. नोव्हेंबरात फयान वादळ आलं आणि पाऊस लागून राहिला. पाठोपाठ डाऊनी आला. फवारणीवर फवारणी मारली, पण घड कुजून खाली पडले. मांडवाखाली चालताना पायाखाली चिकचिक व्हायची. बागेवर कर्ज होतं. ते थकलं, आणि नोटिसा यायला लागल्या.

वाचायला येणारा घरात मी एकटाच मोठा होतो. नोटिसा मीच वाचायचो. त्यांची भाषाही मराठीच, पण एक वाक्य अर्ध्या पानाचं. सदरहू, उपरोक्त, कसूर, मुदत. आई विचारायची, “काय लिवलंय?” आणि मी म्हणायचो, “काही नाही, नेहमीचंच.” जन्मभर मी तिला सगळं वाचून दाखवत आलो होतो. त्या वर्षी पहिल्यांदा तिच्यापुढं वाचताना खोटं बोललो. छापील कागद बघितला की पोटात गोळा यायला लागला. पेपर बंद केला. पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात भरून माळ्यावर टाकली. पुढं पाच-सहा वर्षांत, थोडी जमीन विकून, कर्ज फिटलं. पण पोतं खाली आलं नाही.

मोबाइल आल्यावर तर निमित्तच मिळालं. दिवसभर बोट सरकवत राहायचं आणि रात्री आठवून बघावं तर काही आठवत नाही. पुस्तकं मिळत नव्हती असं नव्हे. राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झालाय, गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं. असंच एक वाचनालय मी बघितलं. कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडं ते ठाऊक नाही, आणि आतल्या पुस्तकांना वाळवी. नाव कशाला घेऊ? माझ्या माळ्यावरच्या पोत्यात तरी दुसरं काय चाललं होतं?

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. जुना वाचणारा माणूस म्हणून एका शाळेनं मला पोरांपुढं बोलायला बोलावलं. मी अर्धा तास बोललो. वाचाल तर वाचाल, वगैरे सगळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं उठून विचारलं, “आजोबा, तुम्ही आता कुठलं पुस्तक वाचताय?” मी जे नाव सांगितलं ते पुस्तक वाचून मला पंधरा वर्षं झाली होती. घरी येताना गाडी बांधावर लावून मी बराच वेळ बसून राहिलो.

मग २०२० चा श्रावण आला. कोरोनामुळं देवळं बंद, सप्ते बंद, पंढरीची वारीसुद्धा नेहमीसारखी निघाली नव्हती. आई ऐंशीच्या पुढं गेलेली. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. माणूस आवाजावर ओळखायची. पहिल्या सोमवारी सकाळी ओसरीवर बसून तिनं विचारलं, “देऊळ बंद हाय म्हनं?”

“हो. सरकारनं बंद ठेवलंय.”

“बरं. आन पोथी? पोथी बी बंद हाय का?”

मला बोलता येईना. आंघोळ केली, फळीवरून पोथी काढली. रुमालाला कुबट वास सुटलेला. वाचायला बसलो तर जीभ वळेना. जोडाक्षराला अडखळायचो, ओवी मध्येच तुटायची. आई मान खाली घालून ऐकत होती. पहिला अध्याय कसाबसा उरकला. दुसरा लागला. त्यात व्याधाची गोष्ट आहे. शिवरात्रीच्या रात्री तो बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो आणि खाली तळ्यावर हरणी पाण्याला येते. व्याध बाण लावतो. हरणी म्हणते, मला घरी जाऊन येऊ दे, मी परत येते. मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागलो.

“थांब,” आई म्हणाली. “शपत राह्यली की.”

“कसली शपथ?”

“हरनीची. शपत घातल्याबिगर त्यो तिला सोडंल व्हय? शिकार हाय ती त्याची.”

मी पान मागं घेतलं. बघतो तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. कधीकाळी निरांजनातलं तूप सांडलं असणार. हरणीची सगळी शपथ त्या पानांच्या पोटात. ती पानं मी सोडवत होतो तोवर आईनं शपथ म्हणायला सुरुवात केली. मी परत आले नाही तर मला अमक्याचं पाप लागो, तमक्याचं पाप लागो. ती म्हणतच राहिली. ब्लेडनं पानं सुटली तेव्हा मी छापलेलं ताडून बघितलं. दोन-तीन अवघड संस्कृत शब्दांच्या जागी तिनं आपले घरचे शब्द घातले होते. बाकी सगळं बरोबर होतं. खांबामागं बसून, पोरं मांडीवर घेऊन, तिनं ते उचललं होतं. तिची पाटीवरची अक्षरं दोन-तीन वर्षांत गेली होती, पण हे पन्नास-साठ वर्षं राहिलं होतं.

त्या श्रावणात आम्ही पोथी पुरी केली. शेवटच्या अध्यायात बारामतीचं नाव आलं तेव्हा मी थांबून तिला सांगितलं, की ही आपल्या बारामतीत लिहिलेली आहे. ती म्हणाली, “मंग! म्हनून तर कळती.”

पोथी संपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तशीच येऊन बसली. “आता काय वाचनार?” मी शिडी लावून पोतं खाली काढलं. खालच्या थरातली पुस्तकं उंदरांनी कुरतडली होती, वरची चांगली होती. रोज पाच-सात पानं वाचायला लागलो. नातीची शाळा मोबाइलवर चालायची. ती शाळा संपली की तीही येऊन बसायची. पहिले पंधरा दिवस मी आईसाठी वाचत होतो. मग एका रात्री आई झोपली आणि मला पुढचं कळल्याशिवाय झोप येईना. चष्मा पुसून मी एकटाच वाचत बसलो. अकरा वर्षांनी.

२०२२ च्या कार्तिकात आई गेली. तेराव्यानंतर पोथी रुमालात बांधून ठेवली आणि मला भीती वाटायला लागली. दादा गेले तेव्हा काय झालं होतं ते आता मला ठाऊक होतं. मला वाटायचं माझी वाचायची आवड गेली. खरं म्हणजे माझा ऐकणारा गेला होता. नोटिसांनी नंतर फक्त कुलूप लावलं. मोरोपंतांपासून खडीवरच्या बायांपर्यंत आमच्या भागात वाचणं हे नेहमी दोघांचं काम होतं, आणि मी ते एकट्यानं ओढायला बघत होतो.

म्हणून ह्या वेळेला मी वाट बघत बसलो नाही. आमच्याकडं मोटारीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. गव्हाला पाणी द्यायला शेजारच्या रानातले एक जण आणि मी, दोघं लाईटीची वाट बघत खोपीत बसतो. त्यांचं सारं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, शाळा दुसरीपर्यंत. एका रात्री मी ‘बनगरवाडी’ घेऊन गेलो आणि मोबाइलच्या बॅटरीत मनातल्या मनात वाचत बसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, “एकटंच काय वाचताय? जरा मोठ्यानं वाचा की, आमालाबी कळू द्या.”

मी पहिल्या पानापासून परत सुरू केलं. मेंढरांचं काही आलं की ते मला थांबवायचे, बरोबर का चूक ते सांगायचे. लिहिणाऱ्याला मेंढरं कळत्यात, हे त्यांनी दुसऱ्याच रात्री मान्य केलं. बाराच्या सुमाराला लाईट आली. मोटार धरली, पाण्याचा आवाज सुरू झाला. मी पुस्तक मिटायला लागलो तर ते बारं मोडायला निघता निघता मागं वळून म्हणाले, “पान दुमडून ठिवा. उद्याबी रातचीच पाळी हाय.”